पंचवीस, पच्चीस की इप्पत्तैदु? पुस्तक वाचणारा फोन गप्प झाला की काय बघायचं

निपाणीच्या आत्याचा फोन रात्री साडेनवाला वाजला तेव्हाच कळलं, काहीतरी बिनसलंय. ही तिची पुस्तक ऐकायची वेळ. उशाशी मोबाइल ठेवून ती रोज तासभर ऐकते आणि त्या वेळात कुणाशी बोलत नाही.

"अरे, ते पुस्तक बोलंना झालंय की रे. काल रातीपातूर बरं बोलायलतं."

"फोन बोलतोय का?"

"फोन बोलतोय की. बॅटरी सांगतोय, टाइम सांगतोय. पुस्तक उघडलं की मुक्यावानी गप."

शेजारच्या पोरानं तोवर ॲप काढून परत टाकलं होतं. पुस्तक गप ते गपच, वर तिनं पानापानांवर ठेवलेल्या खुणा पुसल्या गेल्या.

आत्याची दृष्टी काचबिंदूनं गेली. माझी त्याच्याही आधी, दुसऱ्या कारणानं. मी बेळगावात अनगोळला राहतो, दहा-बारा वर्षं पडदा वाचून दाखवणाऱ्या स्क्रीन रीडरवर काढलीत, त्यामुळं खानापूरपासून अथणीपर्यंत नात्यागोत्यातले असे फोन माझ्याकडं येतात. सगळ्यांना पहिलं वाक्य तेच सांगतो: काही काढू नका, काही टाकू नका. आधी कुठं अडलंय ते शोधू.

आमच्या ऊसपट्ट्यातल्या माणसाला हे समजवायला मोटारीचं उदाहरण बरं पडतं. मोटारीचं बटण दाबलं, पण पाटात पाणी नाही. म्हणून कुणी लगेच नवीन मोटार आणतो का? आधी फ्यूज बघतो, मग स्टार्टर, पाइप कुठं फुटलाय का, फूटव्हॉल्व्हमध्ये कचरा अडकलाय का. पुस्तक बोलतं तेही असंच चार ठिकाणांवरून वाहत येतं. पहिलं ठिकाण पुस्तकाची फाइल. दुसरं ते पुस्तक उघडणारं ॲप. तिसरा स्क्रीन रीडर, म्हणजे अँड्रॉइडवर टॉकबॅक, आयफोनवर व्हॉइसओव्हर, कॉम्प्युटरवर बहुतेकांकडं फुकट मिळणारा एनव्हीडीए. आणि चौथा आवाज.

तिसरा आणि चौथा एकच, असं निम्म्या लोकांना वाटतं. तसं नाही. स्क्रीन रीडर हा कारकून आहे: पडद्यावर काय आहे, बोट कुठं आहे, पुढं काय वाचायचं, हे तो ठरवतो आणि मजकूर पुढं देतो. मोठ्यानं म्हणणारा दवंडीवाला वेगळा. त्याला टेक्स्ट-टू-स्पीच इंजिन म्हणतात आणि फोनमध्ये अशी दोन-दोन इंजिनं असू शकतात, एक गुगलचं, एक फोन बनवणाऱ्या कंपनीचं. कारकुनानं मराठी कागद बिनचूक हातात दिला, पण दवंडीवाल्याला मराठी येतच नसेल, तर गावाला काय ऐकू येणार?

आत्याला मी दोन गोष्टी करायला सांगितल्या. पहिली, व्हॉट्सॲपवर सुनेचा मराठी मेसेज उघडून बोट ठेव. तोही गप. म्हणजे पुस्तक आणि ॲप दोघंही निर्दोष सुटले. बिघाड त्यांच्या पलीकडचा. दुसरी माझी लाडकी चाचणी: एक कोरी नोंद उघडून त्यात इंग्रजी आकड्यांत पंचवीस लिही आणि ऐक.

आकडा ही मोठी कामाची चीज आहे. अक्षरं लिपीला बांधलेली असतात, पण आकडा प्रत्येक आवाज आपापल्या भाषेत वाचतो. मराठी आवाज म्हणतो पंचवीस. हिंदी म्हणतो पच्चीस. कन्नड आवाज इप्पत्तैदु म्हणतो आणि इंग्रजी ट्वेंटी फाइव्ह. एका आकड्यात दवंडीवाला कुठल्या गावचा ते समजतं.

"ट्वेंटी फाइव्ह म्हणायलंय बघ," आत्या म्हणाली.

दुपारी नातवानं फोन अपडेटला लावला होता. त्यात आवाजाचं इंजिन बदलून दुसरं लागलं आणि त्या इंजिनात मराठी नव्हतीच. घड्याळ, बॅटरी, बटणांची नावं तिच्या फोनवर इंग्रजीत आहेत, म्हणून ती बोलली जात होती. देवनागरी आली की बऱ्याच आवाजांना पुढं काय करायचं कळत नाही. ते ओलांडून जातात आणि आपल्याला वाटतं फोन मुका झाला. सेटिंग्जमध्ये ॲक्सेसिबिलिटी, तिथं टेक्स्ट-टू-स्पीच आउटपुट, त्यात पसंतीचं इंजिन गुगलचं निवडायचं आणि भाषा मराठी करायची. कंपनीगणिक या पाट्यांची नावं आणि जागा थोड्या बदलतात. सेटिंग्जच्या शोधपट्टीत 'स्पीच' एवढंच लिहिलं तरी वाट सापडते.

भाषा मराठी निवडणं आणि मराठी आवाज फोनमध्ये उतरवून ठेवणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, हे मात्र विसरू नका. काही आवाज नेटवरून येतात. शहरात कळत नाही, पण कणकुंबी-जांबोटीकडं पावसाळ्यात चार दिवस रेंज गेली की तोच फोन अडखळतो, नाहीतर भलत्याच आवाजावर जातो. त्याच पाटीत 'इन्स्टॉल व्हॉइस डेटा' असतं. वायफाय असेल तेव्हा तिथून मराठी, कन्नड आणि इंग्रजी तिन्ही उतरवून ठेवा. आपल्याकडं तिन्ही लागतात. वीजबिल कन्नडमधून येतं, बँकेचा मेसेज इंग्रजीत येतो, पुस्तक मराठीत असतं.

इथं एक गंमत सांगतो. सीमाभागात मराठी-कन्नडवरून एवढं रामायण झालं, पण फोनचा या दोघींत कधी गोंधळ होत नाही. युनिकोडनं, म्हणजे जगातल्या सगळ्या लिप्यांच्या अक्षरांना नंबर देणाऱ्या व्यवस्थेनं, देवनागरीला १२८ जागांची एक चाळ दिली आणि कन्नडला वेगळी. अक्षराचा नंबर बघूनच फोनला कळतं की हे कन्नड. पण देवनागरीच्या चाळीत मराठी, हिंदी, कोंकणी, नेपाळी, संस्कृत सगळे एकत्र राहतात. नुसत्या अक्षरावरून भाषा ओळखायची वेळ आली की यंत्र बहुतेक वेळा मराठीला हिंदी समजतं. मग 'चांगला'चं 'च्यांगला' होतं, 'जवळ'चं 'ज्यवळ' होतं, आणि गोष्ट ऐन रंगात असताना कुणीतरी 'पच्चीस' म्हणतं.

आत्याचा दुसऱ्या दिवशी सकाळी परत फोन आला तो याचसाठी. "बोलायलंय, पण मधीच हिंदीत मोजायलंय." नोंदीत लिहिलेला आकडा पंचवीस, त्याच फोनवर पुस्तकातला मात्र पच्चीस. या फरकातच उत्तर आहे. फोनचा आवाज मराठीच होता. पुस्तकानं स्वतःच तो बदलायला लावला होता. ईपब हा ई-बुकच्या फाइलचा एक प्रकार, त्याच्या पोटात 'मी अमुक भाषेतलं' अशी एक चिठ्ठी असते. मराठीची खूण 'एमआर', हिंदीची 'एचआय', इंग्रजीची 'ईएन'. पुस्तक तयार करताना कुणी ती चिठ्ठी न बदलता जुनाच साचा वापरला, की मराठी पुस्तक कायमचं हिंदी किंवा इंग्रजी म्हणून नोंदलं जातं. डोळ्यानं वाचणाऱ्याला फरक पडत नाही, म्हणून छापणाऱ्याच्याही तो लक्षात येत नाही. सगळी ॲप ही चिठ्ठी मानत नाहीत, पण जी मानतात तिथं असा गोंधळ होतो. उलट्या बाजूनं, चिठ्ठीत इंग्रजी असेल तर अख्खं मराठी पुस्तक मुकं वाटू शकतं आणि त्याच ॲपमधलं दुसरं पुस्तक मात्र सुरळीत बोलतं. तात्पुरता उपाय म्हणजे टॉकबॅकच्या मेन्यूतून बोलण्याची भाषा मराठीवर अडकवून ठेवायची. हा मेन्यू नव्या फोनवर तीन बोटं एकदा टेकवली की उघडतो, जुन्यावर एक बोट खाली आणि तसंच न उचलता उजवीकडं नेलं की. आयफोनवर हेच काम रोटरमधून, म्हणजे पडद्यावर दोन बोटं चाकासारखी फिरवून उघडणाऱ्या मेन्यूतून होतं. कॉपीचं कुलूप नसलेली फाइल असेल तर कॉम्प्युटरवर कॅलिबर नावाच्या फुकट सॉफ्टवेअरमध्ये पुस्तकाची भाषा बदलून बघता येते.

आता फाइलच्याच गोष्टी. जुनी दुखणी बहुतेक इथलीच निघतात.

तुम्हाला कुणी 'ई-बुक' म्हणून पाठवतं ते तीनपैकी काहीही असू शकतं. खरं ईपब म्हणजे एका पिशवीत बांधलेली वेबपानंच: त्यात परिच्छेद परिच्छेदासारखे आणि मथळे मथळ्यासारखे नोंदलेले असतात, म्हणून स्क्रीन रीडर एका प्रकरणावरून दुसऱ्यावर उडी मारू शकतो. पीडीएफ म्हणजे छापील पानाची हुबेहूब नक्कल. आणि स्कॅन केलेली पीडीएफ म्हणजे नुसते फोटो. फोटोत अक्षर नसतं, अक्षराचं चित्र असतं. आपल्या कारकुनाला तिथं कोरा कागद दिसतो. 'पेज वन, इमेज' एवढं म्हणून फोन थांबला की समजायचं, ही फोटोंची चवड आहे. त्यात ना ॲपचा दोष, ना आवाजाचा.

त्याहून फसवं प्रकरण जुन्या फाँटचं. युनिकोड १९९१ साली आलं, पण आपल्या छापखान्यांत, शाळांत, संस्थांत ते रुळायला पुढं कितीतरी वर्षं गेली. तोवर श्रीलिपी, कृतिदेव अशा फाँटांत काम चालायचं आणि ते काम म्हणजे एक सोंग होतं. आत इंग्रजी अक्षर ठेवायचं आणि वर देवनागरीचा मुखवटा चढवायचा. कृतिदेवमध्ये 'मराठी' टाइप केलं तर आत साठतं 'ई, जे, के, बी, एच'. डोळा मुखवटा बघतो, त्याला 'मराठी' दिसतं. स्क्रीन रीडर मुखवट्याआड बघतो आणि प्रामाणिकपणे 'ई जे के बी एच' वाचतो. कन्नडमध्ये नुडी या टायपिंग सॉफ्टवेअरच्या जुन्या फाँटांत टाइप केलेल्या कागदांचीही हीच कथा. पन्नास पानं अशी ऐकलेला माणूस आपल्याच कानांवर शंका घेतो. मी घेतली होती.

युनिकोड असूनही पीडीएफ तोतरी वाचली जाते, त्याचं कारण आणखी वेगळं. पीडीएफ अक्षरं दिसतात त्या क्रमानं ठेवते, बोलतो त्या क्रमानं ठेवेलच असं नाही. 'किती' या शब्दातली पहिली वेलांटी डोळ्याला क-च्या आधी दिसते, उच्चारात मात्र क आधी येतो. रफाराचंही तसंच उलटसुलट. जोडाक्षरांचे तुकडे पडतात, वेलांट्या शेजारच्या अक्षराला चिकटतात आणि मजकूर दात पडलेल्या आजोबांसारखा ऐकू येतो. ईपब आणि पीडीएफ दोन्ही मिळत असतील तर नेहमी ईपब घ्या, हे मी डोळे झाकून सांगतो. माझ्या बाबतीत या वाक्प्रचाराला तसा अर्थ नाही, तरी.

तिन्हींसाठी चाचणी एकच. एक ओळ निवडून कॉपी करा आणि व्हॉट्सॲपवर स्वतःलाच पाठवा. निवडताच येत नाही: बहुतेक फोटो आहे, किंवा विकत घेतलेल्या पुस्तकाला कॉपीचं कुलूप आहे. पाठवल्यावर इंग्रजी कचरा आला: जुना फाँट. वेलांट्या विखुरल्या: पीडीएफचा तोतरेपणा. ओळ स्वच्छ आली आणि मेसेजमध्ये नीट वाचलीही गेली, तर फाइल चांगली. आता ॲपकडं वळा.

ॲपची तक्रार सहसा अशी येते: "एक पान वाचतंय आणि थांबतंय." कारकुनाला पडद्यावरचंच दिसतं, पान संपलं की त्याच्यासाठी जग संपलं. नीट बनवलेलं ॲप त्याला पुढचं पान आहे असं कळवतं आणि पान आपोआप उलटतं. ज्यात तसं होत नाही, त्यात बघण्याजोगी पहिली गोष्ट म्हणजे पानं उलटण्याऐवजी मजकूर सलग खाली सरकण्याची सोय. ती चालू केली की अर्धं दुखणं जातं. पान हातानं उलटायचं असेल तर दोन बोटांनी सरकवा. टॉकबॅक चालू असताना एका बोटावर टॉकबॅकचा हक्क असतो. ॲपपर्यंत ते बोट पोचतच नाही. घरातले डोळस लोक इथंच चिडतात, "मी करतो तेव्हा होतंय की!" त्यांनी टॉकबॅक बंद करून केलेलं असतं.

काही ॲपना स्वतःचं 'रीड अलाउड' असतं. ते आणि टॉकबॅक एकाच वेळी बोलायला लागले की घरात दोन पाहुणे एकदम गोष्ट सांगायला बसल्यासारखं होतं. एकालाच बोलू द्या. रीड अलाउड लावलंत तर पडद्याला हात लावू नका, कारण बोट लागलं की टॉकबॅक 'मी इथं आहे' म्हणून मध्ये पडतो. आणि पडदा बंद झाला की पाच मिनिटांत आवाज थांबत असेल, तर तो बॅटरी वाचवणाऱ्या सेटिंगचा उद्योग. त्या ॲपला आणि आवाजाच्या इंजिनाला, दोघांनाही बॅटरीच्या बंधनातून वगळावं लागतं. एकालाच वगळून उपयोग होत नाही.

पुस्तकं दाखवणारी बरीच अँड्रॉइड ॲप मजकूर स्वतः मांडत नाहीत. 'अँड्रॉइड सिस्टम वेबव्ह्यू' नावाचा फोनमधलाच एक भाग ते काम करतो. २०२१च्या मार्चमध्ये या भागाचं एक सदोष अपडेट आलं आणि जगभरच्या फोनवर भलभलती ॲप उघडता उघडता बंद पडली. लोक ॲपना शिव्या देत होते, इलाज वेबव्ह्यू आणि क्रोम अपडेट करण्यात होता. म्हणून काल चालणारं ॲप आज काहीही न करता बिघडलं, तर प्ले स्टोअरमध्ये या दोघांचं अपडेट बघायचं. ॲप काढून टाकणं अगदी शेवटचं, आणि तेही खुणा व पुस्तकं खात्यावर साठवली जातात की फक्त फोनमध्ये, हे बघूनच.

स्क्रीन रीडर स्वतः क्वचित बिघडतो. आवाज फारच बारीक झाला असेल तर टॉकबॅक बोलत असतानाच आवाजाचं बटण दाबा. ॲक्सेसिबिलिटीचा आवाज गाण्यांच्या आवाजापासून वेगळा असतो आणि बऱ्याच जणांना ते माहीत नसतं. मधेच गप्प झाला तर दोन बोटं एकदा टेकवून बघा, चुकून थांबवला गेला असेल. एनव्हीडीएमध्ये स्पीच व्ह्युअर नावाची खिडकी आहे, कारकून दवंडीवाल्याला काय देतो ते तिथं अक्षरांत उमटतं. घरात कुणी डोळस असेल तर त्याला ती वाचायला सांगा: मजकूर उमटतोय पण ऐकू येत नाही, म्हणजे आवाज दोषी, उमटतच नाही, तर दोष अलीकडं. टॉकबॅकच्या प्रगत सेटिंग्जमध्येही बोललेलं पडद्यावर दाखवायची सोय आहे.

ॲपवाल्यांना कळवायचं झालं तर 'तुमचं ॲप चालत नाही' एवढं लिहून काही होत नाही. फोनचं मॉडेल, अँड्रॉइडची आवृत्ती, टॉकबॅकची, ॲपची, आवाजाचं इंजिन कुठलं, कुठलं पुस्तक, कितव्या पायरीला काय झालं. मराठीचा उल्लेख ठळक करा. तपासणारा माणूस बहुधा इंग्रजी पुस्तकावर तपासतो आणि 'आमच्याकडं सगळं ठीक आहे' म्हणून मोकळा होतो.

पुस्तकं कुठून आणायची, हा वेगळाच विषय, दोन ओळींत उरकतो. किंडलवर मराठी पुस्तकं २०१६च्या डिसेंबरपासून आहेत. त्याच वर्षी २४ ऑगस्टला केंद्र सरकारनं सुगम्य पुस्तकालय सुरू केलं; छापील मजकूर वाचता न येणाऱ्यांसाठीचं हे ऑनलाइन ग्रंथालय, सभासद व्हायला अपंगत्वाचा दाखला लागतो. आणि घरातलं छापील पुस्तक स्वतःसाठी स्कॅन करून ऐकणं हा गुन्हा नाही. २०१२ साली कॉपीराइट कायद्यात बदल होऊन तशी मुभा मिळालेली आहे.

आत्याच्या फोनची तिसरी तक्रार आठवड्यानं आली आणि ती पुस्तकाबद्दल नव्हती. गावच्या शाळेच्या महोत्सवाची जुनी स्मरणिका कुणीतरी पीडीएफ करून ग्रुपवर टाकली होती. तीत मामांचा लेख होता. आत्याच्या यजमानांना आम्ही मामाच म्हणायचो. ते त्या शाळेत शिकवायचे. लेख उघडला की फोन 'ई, के, एस, जे' असलं काहीतरी बडबडत होता. जुना फाँट, उघडच.

अशा फाइलला एक वाट आहे. आतली अक्षरं खोटी असली तरी मुखवटा खरा असतो, पान दिसायला बिनचूक असतं. म्हणून आतल्या अक्षरांच्या नादी न लागता पानाचा फोटो करायचा आणि चित्रावरून अक्षर ओळखणाऱ्या ओसीआरला द्यायचा. गुगल ड्राइव्हमध्ये तो फोटो टाकून कॉम्प्युटरवर 'गुगल डॉक्स'मध्ये उघडला की खाली मराठी मजकूर तयार होऊन येतो, खऱ्या युनिकोडमध्ये. ओसीआर घ आणि ध, भ आणि म यांत चुकतं, तेवढं सोसायचं. मी चार पानं करून आत्याला पाठवली.

रात्री साडेनवाला फोन. आता काय बिघडलं, म्हणून उचलला.

"पयल्याच ओळीत 'शाळा हे माझं दुसरं धर' म्हणायलंय. धर नव्हे रे, घर. मीच बसून साफ कॉपी करून दिलती त्यांना. दुरुस्त करून पाठीव, मग पुढचं ऐकतो."

दुरुस्त करून पाठवलं. आणखी सहा ठिकाणी 'धर' होतं.